वंशावळ घ्यावी कशी: नातेसंबंधांच्या क्षेत्रकार्याची रीत

क्षेत्रकार्य सुरू झाले की वहीत माणसे भराभर जमा होतात. कोणी कोणाला जमीन दिली, भांडणात कोण कोणाच्या बाजूने उभे राहिले, अंत्यविधीला कोण आले आणि कोण मुद्दाम आले नाही. या माणसांचे एकमेकांशी नाते काय, हे ठाऊक नसेल तर या सगळ्या नोंदी सुट्या राहतात. त्यांना बांधणारा दोरा म्हणजे नीट घेतलेली वंशावळ. नवखे अभ्यासक हे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलतात आणि मग दोन-चार म्हाताऱ्या माणसांकडून घाईने लिहून घेतलेल्या तक्त्यावर अख्खे प्रकरण उभे करतात. हे काम पहिल्या महिन्यात सुरू करून शेवटच्या दिवसापर्यंत दुरुस्त करत राहायचे असते.

वंशावळ घेण्याची शिस्तबद्ध रीत मानवशास्त्राला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडून मिळाली. १८९८ साली केंब्रिजची मोहीम ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्या मधल्या टॉरेस सामुद्रधुनीत गेली, तेव्हा रिव्हर्स तिथे लोकांची दृष्टी, श्रवण यांसारख्या संवेदना मोजायला गेले होते. हे गुण घराण्यात उतरतात का, हे पाहण्यासाठी त्यांनी मेर आणि माबुइआग या बेटांवर वंशावळी लिहून घेतल्या. लग्नाचे नियम, वारसा, स्थलांतर, जन्ममृत्यूचे प्रमाण असे कितीतरी याच तक्त्यांतून बाहेर काढता येते, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आले. १९०० आणि १९१० साली त्यांनी ही पद्धत निबंधांत मांडली. ती आजही उपयोगी आहे. मात्र तिच्यातली काही गृहीतके पुढच्या शंभर वर्षांत ढासळली, ती कुठे ढासळली हे माहीत हवे.

या कामाचा गाभा एकच. कोण कोणाच्या पोटी जन्मले आणि कोणाचे कोणाशी लग्न झाले, ही एक नोंद. लोक एकमेकांना काय म्हणतात आणि काय मानतात, ही दुसरी. या दोन्ही नोंदी एका बैठकीत, एका कागदावर मिसळल्या की दोन्ही वाया जातात.

बसण्याआधी

आधी वस्तीची घरवार यादी करा. प्रत्येक घराला क्रमांक, घरात राहणारी माणसे, त्यांचे अंदाजे वय, एवढे पुरे. ही यादी नसेल तर वंशावळीत आलेले माणूस इथेच राहते की कुठे दूर, हे प्रत्येक वेळी नव्याने विचारावे लागते.

मग सुरुवातीचा माहितगार निवडा. सगळ्यांत वयस्कर माणूस नेहमीच सर्वांत चांगला माहितगार असतो, हा समज सोडून द्या. बहुतेक ठिकाणी वंशावळीची जाण ठरावीक लोकांकडे एकवटलेली असते आणि त्यात स्त्रिया मोठ्या संख्येने असतात, कारण बाळंतपणे, लग्ने आणि रुसवेफुगवे त्यांच्या लक्षात राहतात. पुरुष पितृवंशाच्या वरच्या पिढ्या सांगतात. बाजूच्या फांद्या मात्र स्त्रियांकडून भरून निघतात, असे पुष्कळदा दिसते. म्हणून प्रत्येक घराण्यासाठी किमान एक पुरुष आणि एक स्त्री, शक्यतो वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या जागी.

सामान साधे ठेवा: मोठा कागद, पेन्सिल, खोडरबर, टिपणवही आणि पोस्टकार्डाच्या आकाराची कोरी कार्डे. पहिल्या बैठकीत शाईचे पेन वापरू नका. तक्ता फार लवकर पसरतो. हिशेब करून पाहा: प्रत्येक जोडप्याला चार मुले आणि सगळ्यांची लग्ने झालेली, असे धरले तर आजीआजोबा ४, आईवडील आणि त्यांची भावंडे मिळून ८, त्या भावंडांचे जोडीदार ६ आणि माहितगाराच्या पिढीत २८. तीन पिढ्यांतच ४६ माणसे झाली, आणि यात २८ जणांचे जोडीदार आणि मुले अजून धरलेली नाहीत. म्हणून कागदावरचा तक्ता फक्त बैठकीपुरता. कायमची नोंद कार्डावर.

संमती घेताना "कुटुंबाविषयी माहिती हवी आहे" एवढे सांगणे अपुरे आहे. नावे, लग्ने, मोडलेली लग्ने, मृत मुले हे सगळे विचारले जाईल, ते स्पष्ट सांगा. जो प्रश्न नको असेल तो वगळता येईल, हेही सांगा. आणि ते खरोखर पाळा.

पाच शब्दांची शिस्त

रिव्हर्स यांच्या पद्धतीतला सर्वांत मोलाचा भाग इथे आहे. वंशावळ घेताना त्यांनी नात्याचे फक्त पाच शब्द वापरले: वडील, आई, मूल, नवरा, बायको. भाऊ, बहीण, काका, मामा, चुलत, मावस यांतला एकही शब्द नाही. कारण उघड आहे. भाऊ म्हणजे कोण, हे ज्या समाजात तुम्ही बसला आहात तिथे तुमच्यासारखेच ठरते याची खात्री नसते. जगातल्या कित्येक भाषांत वडिलांच्या भावाची मुलेही सख्ख्या भावंडांच्याच शब्दाने ओळखली जातात. "तुला किती भाऊ?" असे विचारले आणि "नऊ" असे उत्तर आले, तर ते उत्तर खरे असूनही तुमचा तक्ता खोटा होतो.

म्हणून प्रश्न असा बांधा:

"तुम्हाला जिने जन्म दिला, तिचे नाव काय?"
"तिने आणखी कोणाकोणाला जन्म दिला? सगळ्यांत आधी कोण झाले? त्यानंतर?"
"यांच्यातले लहानपणीच गेलेले कोणी?"
"हे सगळे एकाच नवऱ्यापासूनचे का? तिचे आधी किंवा नंतर लग्न झाले होते का?"
"तुमच्या आईला जिने जन्म दिला, ती कोण?"

वडिलांच्या भावंडांकडे जायचे असेल तेव्हाही "वडिलांचे भाऊ" म्हणायचे नाही. वडिलांच्या आईपर्यंत वर जायचे, तिच्या सगळ्या मुलांची नावे जन्मक्रमाने घ्यायची आणि मग एकेका मुलावरून खाली उतरायचे. सुरुवातीला हे कृत्रिम वाटते, माहितगारही हसतो; अर्ध्या तासात त्याला चाल कळते आणि तो स्वतःच त्या क्रमाने बोलू लागतो.

क्रम कधी मोडू नका. एक फांदी संपूर्ण खाली उतरून झाल्याशिवाय दुसरी धरायची नाही. फांदी संपली म्हणजे काय, तर प्रत्येक व्यक्तीपुढे या तिघांपैकी एक नोंद झाली: मुले झाली आणि ती अशी, मुले झाली नाहीत, किंवा माहितगाराला माहीत नाही. "मुले नाहीत" आणि "माहीत नाही" यांना कागदावर दोन वेगळ्या खुणा हव्यात. हा फरक बैठकीत न केल्यास नंतर घरी बसून करता येत नाही, आणि जन्मदराचे सगळे हिशेब याच एका चुकीने बिघडतात.

एका बैठकीला दीड तासाहून अधिक वेळ देऊ नका. थकलेला माहितगार नावे गाळायला लागतो, आणि ती बहुधा दूर लग्न करून गेलेल्या मुलींची आणि बालवयात वारलेल्या मुलांची असतात. तक्त्यात एखाद्या पिढीत मुलगेच मुलगे दिसले तर आधी आपल्या प्रश्नांवर संशय घ्या.

खुणा आणि क्रमांक

चिन्हे जगभर जवळपास सारखी आहेत. त्रिकोण म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे स्त्री, लिंग माहीत नसेल तर चौकोन. लग्नासाठी दोन आडव्या समांतर रेघा, म्हणजे बरोबरचे चिन्ह. लग्न मोडले असेल तर त्याच चिन्हावर तिरपी काट. उभी रेघ म्हणजे संतती, वरून जोडणारी आडवी रेघ म्हणजे भावंडे. मृत व्यक्तीच्या चिन्हावर तिरपी रेघ. ज्याच्यापासून नाते मोजायचे ती केंद्रव्यक्ती काळी भरायची. भावंडे डावीकडून उजवीकडे जन्मक्रमाने. दत्तक मुलासाठी तुटक रेघ, आणि त्याची जन्मदात्यांकडची रेघ पुसायची नाही. दोन्ही राहू द्या.

प्रत्येक व्यक्तीला ती तक्त्यावर येताच एक क्रमांक द्या, आणि तो जन्मभर तिचाच. नाव बदलेल, टोपणनाव कळेल, उच्चार दुरुस्त होईल; क्रमांक बदलणार नाही. क्रमांकात पिढी किंवा घराणे दडवण्याचा मोह टाळा. "३-ब-७" असा हुशार क्रमांक दिला आणि महिनाभराने ती व्यक्ती दुसऱ्याच घराण्यातली निघाली, की सगळी रचना मोडते. १, २, ३ असे साधे क्रमांक सर्वांत टिकाऊ.

कार्डावर काय असावे: क्रमांक, नाव, इतर नावे, लिंग, जन्मदात्या आईचा क्रमांक, वडिलांचा क्रमांक, वडील कोणत्या अर्थाने (याविषयी पुढे), प्रत्येक लग्नाचा क्रम आणि जोडीदाराचा क्रमांक, जन्मक्रम, हयात की मृत, राहण्याचे ठिकाण, कुळ किंवा गट, आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे ही माहिती कोणी दिली आणि कोणत्या तारखेला. दोन माहितगारांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर दोन्ही कार्डावर राहतात, आपापल्या माहितगाराच्या क्रमांकासह. खोडून एकच "खरे" उत्तर ठेवणे हा पुराव्याचा नाश आहे. कोण काय विसरते आणि कोण काय लपवते, हेच कित्येकदा संशोधनातले सर्वांत बोलके साहित्य ठरते.

नात्याचे शब्द: वेगळी बैठक

तक्ता उभा राहिला की मग तो समोर ठेवून दुसऱ्या दिवशी शब्द विचारा. आता प्रश्न उलटा होतो. "मामाला काय म्हणतात?" असे नाही, तर तक्त्यावरच्या खऱ्या माणसाचे नाव घेऊन "या माणसाविषयी दुसऱ्याशी बोलताना तुम्ही कोणता शब्द वापरता? आणि त्याला समोर हाक मारताना?" हे दोन शब्द निराळे असू शकतात, दोन रकाने ठेवा. नंतर उलट बाजू: "आणि तो तुम्हाला काय म्हणतो?" ही जोडी तपासली नाही तर यादी अर्धीच असते.

नात्याचे स्थान लिहायला छोटी अक्षरे ठरवून घ्या. मराठीत टिपणे घेताना आ (आई), व (वडील), भ (भाऊ), ब (बहीण), पु (पुत्र), क (कन्या), न (नवरा), बा (बायको) ही अक्षरे पुरतात. मग आईच्या भावाची मुलगी आभक, वडिलांच्या बहिणीची मुलगी वबक, वडिलांच्या भावाची मुलगी वभक, आईच्या बहिणीची मुलगी आबक. इथे "भाऊ" हे तुमचे विश्लेषणाचे अक्षर आहे, सख्ख्या भावापुरते. माहितगाराच्या तोंडचा शब्द पूर्ण लिहायचा, त्याच्याच उच्चाराने. दोन्हींची गल्लत होऊ नये म्हणून अक्षरे एका रंगात आणि स्थानिक शब्द दुसऱ्या रंगात लिहा.

बोलणारा पुरुष आहे की स्त्री, यावर शब्द बदलतात. जोडणारे भावंड मोठे की धाकटे, यावरही बदलतात. म्हणून एकच यादी पुरुषाकडून आणि स्त्रीकडून स्वतंत्र घ्या. आल्फ्रेड क्रोबर यांनी १९०९ साली अशी आठ तत्त्वे दाखवली होती ज्यांवर नात्यांचे शब्द वेगळे पडतात. पिढी, वय, लिंग, रक्ताचे की लग्नाचे, जोडणाऱ्या नातलगाचे लिंग वगैरे. यादी तयार झाल्यावर एकेक तत्त्व हाती घेऊन ते या भाषेत चालते का, हे पडताळून पाहा.

यादी वाचायची सुरुवात चुलत-आते-मामे-मावस भावंडांच्या शब्दांपासून करा. जॉर्ज मर्डॉक यांनी १९४९ साली रूढ केलेले सहा प्रकार याच ठिकाणी ओळखू येतात. सगळ्या भावंडांना एकच शब्द, सख्ख्यांसकट, तर हवाई प्रकार. सख्खी वेगळी आणि बाकी सगळी एका शब्दात, तर एस्किमो. चुलत आणि मावस भावंडे सख्ख्यांसारखी, आते आणि मामे वेगळी, तर इरोक्वाय. प्रत्येकाला स्वतंत्र शब्द, तर सुदानी. उरलेल्या दोन प्रकारांत पिढ्या तिरक्या होतात आणि तिथेच नवखा अभ्यासक आपली नोंद चुकली असे समजून "दुरुस्ती" करतो. क्रो प्रकारात आत्याच्या मुलाला वडिलांचाच शब्द लागतो. ओमाहा प्रकारात मामाच्या मुलाला मामाचा. न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर आत्याच्या मुलाला वडिलांच्या शब्दाने संबोधतात, आणि तिथे वंश आईकडून चालतो हे लक्षात घेतले की ही गोष्ट सुसंगत दिसते: वडील आणि त्यांच्या बहिणीचा मुलगा एकाच मातृवंशातले. वेडावाकडा वाटणारा शब्द हाती आला की आधी त्याच्यामागे वंशगट आहे का, ते पाहा.

एक सावधगिरी. या सहा पेट्यांत समाज कोंबणे हे उद्दिष्ट नाही. ल्युईस हेन्री मॉर्गन यांनी १८७१ सालच्या ग्रंथात नात्यांच्या शब्दांवरून मानवी कुटुंबाच्या उत्क्रांतीचा जिना बांधला. शब्दांचा प्रचंड संग्रह आजही वाचनीय आहे, तो जिना मात्र टिकला नाही. इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातील नातेव्यवस्थांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात नात्यांचे शब्द, लग्नाचे नियम आणि प्रदेश यांची सांगड घातली आहे. शब्दांची यादी लग्नांच्या प्रत्यक्ष नोंदीशेजारी ठेवल्याशिवाय बोलत नाही, हे त्या ग्रंथातून नीट शिकता येते.

वडील कोणत्या अर्थाने

रिव्हर्स यांच्या पद्धतीला सर्वांत मोठा तडा इथे जातो, आणि गंमत म्हणजे त्याचा पुरावा त्यांच्याच पुढच्या कामात आहे. निलगिरीतल्या तोडा समाजात एका स्त्रीचे अनेक नवरे असत. त्यांपैकी जो गरोदरपणात तिला धनुष्यबाण देण्याचा विधी करी, तो त्या मुलाचा आणि दुसऱ्या कोणी तो विधी करेपर्यंत पुढच्याही मुलांचा बाप ठरे. दक्षिण सुदानमधल्या न्युएर समाजात मानवशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांनी नोंदवले की मृत माणसाच्या नावाने त्याचा नातलग लग्न करतो आणि होणारी मुले त्या मृताची मानली जातात. वांझ स्त्रीदेखील दुसऱ्या स्त्रीशी लग्न करून तिच्या मुलांचा सामाजिक बाप होऊ शकते. अशा ठिकाणी "खरे वडील कोण?" हा प्रश्नच चुकीचा.

कार्डावर वडिलांच्या क्रमांकापुढे अर्थ लिहा: विधीने किंवा कायद्याने मानलेला बाप, वाढवणारा बाप, आणि कोणी स्वतःहून सांगितले असेल तर जन्मदाता. हा तिसरा प्रश्न आपणहून कधीही विचारू नका. एखाद्या स्त्रीच्या आयुष्याला धोका पोहोचवू शकेल अशा माहितीची कोणत्याही सिद्धांताला इतकी गरज नसते. डेव्हिड श्नायडर यांनी १९८४ साली आक्षेप घेतला की नाते म्हणजे मुळात रक्त, ही अभ्यासकांची स्वतःची समजूत आहे आणि ती सगळ्या जगावर लादली गेली. तो आक्षेप गांभीर्याने घ्यायचा म्हणजे वंशावळ टाकून द्यायची असे नव्हे. एकत्र जेवणे, दूध पाजणे, नाव देणे, सांभाळणे यांतून नाते तयार होत असेल, तर त्या रेघाही वेगळ्या रंगाने तक्त्यावर आल्या पाहिजेत.

नावे सांगत नाहीत, किंवा खोटी सांगतात

अनेक समाजांत मृताचे नाव घेत नाहीत, कुठे नवऱ्याचे, कुठे सासऱ्याचे. ॲमेझॉनच्या जंगलातल्या यानोमामी लोकांमध्ये काम करताना मानवशास्त्रज्ञ नेपोलियन शॅग्नन यांना लोकांनी महिनोन्‌महिने बनावट आणि अश्लील नावे पुरवली. ते कळले तेव्हा सुमारे पाच महिन्यांचे वंशावळीचे काम फुकट गेले होते. पुढे त्यांनी नावे काढण्यासाठी विरोधी गटांतल्या आणि रागावलेल्या लोकांकडे धाव घेतली. माहिती मिळाली, पण ज्यांची नावे होती त्यांच्या इच्छेविरुद्ध. हा मार्ग धरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नावाशिवाय वंशावळ घेता येते. "या बाईचे पहिले मूल", "त्याची दुसरी बायको, नदीपलीकडच्या वस्तीतली" एवढ्यावर व्यक्तीची ओळख पक्की होते; क्रमांक द्या आणि पुढे चला. कुणाचे नाव न घेता बोलण्याची सोय त्या समाजाने स्वतःच केलेली असते, ती शोधा. उदाहरणार्थ, मुलाच्या नावावरून आईबापांना ओळखणे ही रीत पुष्कळ ठिकाणी आढळते. खोटी नावे ओळखण्याची साधी खूण म्हणजे बैठकीत बाजूच्या लोकांचे दबलेले हसू आणि महिनाभराने तेच विचारल्यावर येणारे वेगळे उत्तर.

वरच्या पिढ्यांवर किती भरवसा ठेवावा

माहितगाराने स्वतः पाहिलेल्या पिढ्या, म्हणजे साधारण आजीआजोबांपर्यंत, जन्ममृत्यूच्या हिशेबाला चालतात. त्याच्या वरचे वेगळ्या शीर्षकाखाली लिहा. तिथे लोक इतिहास सांगत नसतात, आजच्या गटांची मांडणी सांगत असतात. न्युएरांच्या कुळांच्या वंशावळी साधारण १० ते १२ पिढ्यांच्या राहतात. काळ पुढे गेला तरी त्या लांबत नाहीत, मधली नावे गळत जातात. लॉरा बोहॅनन यांनी १९५२ साली नायजेरियातल्या तिव लोकांविषयी दाखवले की वंशावळ ही आजच्या संबंधांची सनद असते आणि संबंध बदलले की तीही जुळवून घेतली जाते. ज्यांची शाखा आता संपली, ज्यांच्याशी हक्काचा वाद नाही, ती नावे आधी विसरली जातात.

म्हणून त्याच पूर्वजापासून उतरलेल्या दोन गटांकडून स्वतंत्र वंशावळी घ्या आणि शेजारी ठेवा. जिथे जुळतात ते एका रंगाने, जिथे फुटतात ते दुसऱ्याने. फुटण्याच्या जागी बहुधा जमीन, पद किंवा पूजेचा मान दडलेला असतो. दोन्ही तक्ते तंतोतंत जुळले तर दुसऱ्या गटाने तुमचा कागद आधी पाहिला होता का, तेही तपासा.

खालच्या पिढ्यांची पडताळणी मात्र निव्वळ अंकांची आहे. वये अंदाजाने येतात, म्हणून स्थानिक घटनांची कालरेषा बनवा: मोठा पूर, साथ, शाळा उघडली ते वर्ष. "त्या वेळी हे मूल रांगत होते की चालत होते?" या प्रश्नाने वर्ष बऱ्यापैकी पक्के होते. मग कार्डे चाळा. एकाच आईच्या दोन मुलांत नऊ महिन्यांहून कमी अंतर, आई मुलाहून १२ वर्षांपेक्षा कमी मोठी किंवा ५० हून अधिक मोठी, मुलाचा जन्म आईच्या मृत्यूनंतर: यांपैकी काहीही दिसले तर एक तर वय चुकले आहे, नाही तर मधली एक पिढी गळाली आहे, नाही तर सावत्र आईला आई लिहिले आहे. तिसरे कारण सर्वांत वारंवार सापडते.

लग्ने मोजताना

"इथे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची पद्धत आहे" हे वाक्य कितीतरी प्रबंधांत असते आणि त्याखाली आकडा नसतो, किंवा असतो तो चुकीच्या भाजकाचा. समजा, तुमच्या कार्डांत पुरुषांची २०० पहिली लग्ने आहेत आणि त्यांतली १८ आभक हिच्याशी झाली आहेत. म्हणजे ९ टक्के, पद्धत फारशी पाळली जात नाही असे वाटेल. पण मामाकडची माहिती पूर्ण असलेले पुरुष १२० च असतील आणि त्यांतल्या ६० जणांनाच लग्नाच्या वयाची मामेबहीण असेल, तर ज्यांना शक्य होते त्यांच्यापैकी ३० टक्क्यांनी तसे लग्न केले. दोन्ही आकडे द्या, दोन्ही भाजकांसह.

सख्ख्या मामाची मुलगी आणि ज्याला मामा म्हणतात अशा कोणाची तरी मुलगी, हे दोन वेगळे रकाने. लोक नियम पाळला म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात अनेकदा दुसरा अर्थ असतो. शिवाय लग्न झाल्यावर नात्याचे शब्द बदलले जातात का, तेही विचारा. दूरच्या मुलीशी लग्न ठरले की तिच्या वडिलांना मामा म्हणू लागणे अशक्य नाही. शब्दांवरून लग्न मोजले तर पद्धत शंभर टक्के पाळली गेल्याचे दिसेल. आधी वंशावळ, मग शब्द, हा क्रम राखायचा तो यासाठीच.

जिथे नात्यात लग्ने होतात तिथे एकच व्यक्ती तक्त्यावर दोन वाटांनी येते: बायको म्हणून आणि मामाची मुलगी म्हणून. तिला दोनदा काढू नका. एकच चिन्ह, आणि लांब वळणाची रेघ. रेघा एकमेकींना फार छेदू लागल्या तर तक्ता तोडून दोन करा आणि जोडाच्या जागी क्रमांक लिहा.

संगणकावर

सुरुवातीला साधा रकान्यांचा तक्ता पुरतो: एका पानावर व्यक्ती (क्रमांक, लिंग, आईचा क्रमांक, वडिलांचा क्रमांक), दुसऱ्या पानावर लग्ने (दोघांचे क्रमांक, क्रम, सुरुवात, शेवट), तिसऱ्यावर कोणी काय सांगितले. हौशी वंशवृक्षाची सॉफ्टवेअरे आणि त्यांची जेडकॉम ही फाइल सुबक चित्रे काढतात, पण त्यांच्यातली कित्येक एक आई, एक बाप आणि स्त्री-पुरुष जोडपे गृहीत धरतात; तोडा किंवा न्युएर त्यांत बसत नाहीत. मानवशास्त्रज्ञांसाठी बनवलेले पक नावाचे सॉफ्टवेअर नात्यातल्या लग्नांची वळणे शोधून मोजते, ते मोठ्या संग्रहाला उपयोगी. मूळ कार्डे मात्र फेकू नका.

प्रसिद्ध करताना

नावे बदलली म्हणजे ओळख लपली, असे वंशावळीच्या बाबतीत होत नाही. चार बायका, सहा मुलगे आणि दोन जुळी, अशी रचना पाहूनच वस्तीतला कोणीही घर ओळखतो. तक्ता छापायचा असेल तर मुद्द्याला लागणारी फांदीच छापा, बाकीची कापा. मुद्द्याला धक्का लागत नसेल तर मुलांची संख्या आणि क्रम बदला, आणि तसा बदल केल्याचे लिहा. मोडलेली लग्ने, दत्तक, अनौरस ठरवलेली मुले, गुलामीतून किंवा खालच्या मानल्या गेलेल्या गटातून आलेले पूर्वज ही माहिती जिवंत माणसांच्या हक्कांवर आणि लग्नांवर परिणाम करते. ती संपूर्ण तक्त्यात न देता बेरजेच्या आकड्यांत द्या.

नाव आणि क्रमांक जोडणारी यादी बाकीच्या साहित्यापासून वेगळ्या जागी, कुलुपात किंवा सांकेतिक शब्दाने बंद फाइलीत ठेवा. लोक आपली वंशावळ परत मागतात आणि ती त्यांना मिळालीच पाहिजे. प्रत्येक घराला त्याच्या माणसांनी सांगितलेला भाग द्या, इतर घरांनी त्यांच्याविषयी सांगितलेला नव्हे. जमिनीचा किंवा पदाचा वाद चालू असेल तर प्रतीवर ठळक लिहा की हे अमक्या तारखेला अमक्या व्यक्तीने सांगितलेले कथन आहे, आणि दुसऱ्या बाजूचे कथन वेगळे आहे. तुमच्या अक्षरातला तक्ता उद्या पुरावा म्हणून दाखवला जाऊ शकतो. त्यावर ही ओळ असेल याची खबरदारी प्रत हातात देण्याआधी घ्या.